खो-खोवाले गावंडे सर

आमच्या शाळेतले क्रीडाशिक्षक गावंडे सर कुणालाही नावानं हाक मारत नसत. ते माणसांना खेळप्रकारावरून ओळखत. मुख्याध्यापक म्हणजे 'चालण्याची शर्यत', कारण कितीही घाई असली तरी त्यांचे पाय जमीन सोडत नसत. चहा आणायला गेलेला शिपाई तासाभरानं उगवायचा, तो 'मॅरेथॉन'. मी रुजू झाले त्या दिवशी त्यांनी विचारलं, "कोणता विषय जी मॅडम?"

"गणित."

"मंग तुमी अडथळ्याची शर्यत!" त्यांनी जाहीर केलं, आणि बारा वर्षं मी तीच राहिले.

आमचं सरकारी हायस्कूल बडनेऱ्याला, रेल्वे लायनीच्या पलीकडे. मैदान निम्मं मुरमाचं, निम्मं गोट्यांचं. सर सकाळी शाळा भरायच्या आधी येऊन तिथले गोटे वेचत आणि मग स्टाफरूममध्ये येऊन, घरातल्या आजारी माणसाबद्दल सांगावं तसं सांगत, "आज मैदानाची तब्येत बरी हाय." मीटिंगमध्ये ते स्टॉपवॉच लावून बसत. मीटिंग संपली की बटण दाबत. "चव्वेचाळीस मिनिटं. निकाल काईच नाई."

त्यांच्याकडे प्रत्येक दुखण्यावर एकच औषध होतं: "पळवा तिले." कुणाची मुलगी नीट जेवत नाही, पळवा तिले. कुणाची अभ्यासात मागे, पळवा तिले. इतिहासाच्या बाई एकदा डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "सर, भाचीचं लग्नच जमत नाही हो." सर वर्तमानपत्रातून डोकंही वर न काढता म्हणाले, "पळवा तिले." बाई महिनाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. सरांना कारण शेवटपर्यंत कळलं नाही.

आम्ही सगळे त्यांना हसायचो, आणि हसता हसता त्यांचे तास घ्यायचो. सगळ्यात जास्त मी. "सर, आजचा खेळाचा तास मला द्या ना, भूमिती राहिलीय." "घ्या जी," म्हणून ते निघून जात. वर्गाच्या खिडकीतून मला दिसायचं, रिकाम्या मैदानात वाकून ते एकटेच खो-खोच्या रेघा पुन्हा आखत असायचे.

मुलींचा खो-खोचा संघ हा त्यांचा जीव होता. त्या संघात सानिया होती. तिचे वडील रेल्वेत होते. पोरगी काटकुळी, पण खांबावर सूर मारून गडी टिपायची तेव्हा आम्हा मास्तरांच्याही तोंडून "अरे!" निघायचं. तिला मात्र सर खेळावरून नाही, 'सानिया बेटा' म्हणायचे. गणितातही ती वर्गात पहिली. म्हणजे आम्ही दोघंही तिच्यावर हक्क सांगायचो.

ती दहावीत असताना आमचा संघ जिल्ह्यात पहिला आला. शाळेच्या इतिहासात पहिल्यांदाच. विभागीय सामने अकोल्याला होते, आणि नेमक्या त्याच दिवशी दहावीची गणिताची सराव परीक्षा आली. संघात दहावीची ती एकटीच.

सर माझ्याकडे आले. "मॅडम, एका दिवसाचा प्रश्न हाय. सानियाचा पेपर तुमी दुसऱ्या दिवशी घ्या."

"दहावीचं वर्ष आहे सर. एकीला सूट दिली तर बाकीच्यांना काय सांगू?"

"सांगजा, का तुमी बी खेळून या म्हणून."

मला राग आला. त्यांच्याशी वाद घालण्याऐवजी मी सरळ सानियाच्या वडिलांना फोन केला. परीक्षा, टक्के, पुढचं करिअर असं बरंच बोलले. ते बिचारे म्हणाले, "मॅडम, आप जो बोलेंगे वही सही."

सकाळच्या गाडीनं संघ तिच्याशिवाय गेला. सानियानं खाली मान घालून पेपर सोडवला. संघ एका गुणानं हरला. दुसऱ्या दिवशी सर स्टाफरूममध्ये आले, "पोट्ट्या चांगल्या खेळल्या," एवढंच म्हणाले आणि त्यांनी डबा उघडला. मला ते काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर मीही काहीतरी ऐकवलं असतं, आणि विषय संपला असता.

पुढच्या वर्षी संघ जमलाच नाही. आया म्हणू लागल्या, हुशार पोरीला मॅडमनी जाऊ दिलं नाही, मग आमचीनं काय करायचं जाऊन? दोन वर्षांनी सर निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात मी त्यांच्यावर तीन विनोद केले. सभागृह खूप हसलं.

परवा बडनेऱ्याच्या स्टेशनवर सानिया भेटली. अमरावतीला इंजिनिअरिंग करते आता. मी विचारलं, "खेळतेस का गं?"

"नाही मॅडम. त्यानंतर सुटलंच." मग हसून म्हणाली, "तेव्हा तुमचा फार राग आला होता. पण सर म्हणाले होते, मॅडमवर रुसायचं नाही, त्या बी तुह्यासाठीच भांडून राहिल्या."

मी घरी न जाता तशीच सरांकडे गेले. जुन्या वस्तीत दोन खोल्या. दार त्यांनीच उघडलं, चहाही त्यांनीच टाकला. भिंतीवर बायकोचा हार घातलेला फोटो होता. त्या जाऊन अठरा वर्षं झाली, हे मला त्या दिवशी कळलं. बारा वर्षं एका टेबलावर बसून मी त्यांना घरचं काही विचारलंच नव्हतं.

मी बोलायला सुरुवात करणार तोच ते म्हणाले, "बरं झालं आल्या. एक शंका हाय." आणि त्यांनी आतून एक वही आणली. दहावीचं बीजगणित. प्रत्येक उदाहरण पेन्सिलीनं सोडवलेलं, स्वतःच तपासलेलं. चुकलं तिथं लाल फुली.

"हे काय सर?"

"अकोल्याहून आल्यावर सुरू केलं. म्हटलं, पुढच्या साली कोनाचा पेपर आडवा आला त आपनच गाडीत शिकवू. तुमालेबी घोर नाई." त्यांनी चहाचा घोट घेतला. "मंग टीमच नाई झाली. पन पुस्तक अर्धं झालं होतं."

मी म्हटलं, "सर, मी सानियाला जाऊ द्यायला हवं होतं."

'जाऊ द्या जी' असं काहीतरी ते म्हणतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"हो," ते म्हणाले. "द्याले पायजे होतं."

मग त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. वर्गसमीकरण होतं. मी समजावलं. ते मांडी घालून, ताठ बसून ऐकत होते. "पुन्हा एक डाव सांगा," म्हणाले. मी पुन्हा सांगितलं. "अजून एक डाव." तिसऱ्यांदा सांगताना माझी नजर पलीकडच्या पानावर गेली. तसलीच पाच समीकरणं तिथं सोडवलेली होती, पाचही बरोबर.

मी ते पान त्यांना दाखवलं नाही. पेन्सिल घेतली आणि चौथ्यांदा पहिल्या पायरीपासून सुरुवात केली.