घोड्यासमोरचं प्यादं

"उजवीकडून," भिंगू म्हणाला.

"डावीकडून," टेलरमास्तर म्हणाला.

सलग सहाव्या संध्याकाळी हेच चाललं होतं. भिंगू म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारा. डोळ्याला सतत भिंग, म्हणून सगळा रस्ता त्याला भिंगू म्हणायचा. टेलरमास्तरचं दुकान बरोबर समोर. बावीस वर्षं दोघं एकमेकांविरुद्ध बुद्धिबळ खेळले, आणि या खेपेला पहिल्यांदाच एका बाजूला बसले होते. विरुद्ध बाजूला औषधाच्या दुकानातले दोन भाऊ. दिवसाला एक चाल. चाल चिठ्ठीवर लिहायची, खाली दोघांनी सही करायची, आणि टेलरमास्तरने सकाळी ती औषधवाल्यांच्या काउंटरवर ठेवायची. सहीचा आग्रह त्या भावांचा. नंतर 'मी नाही, हा म्हणाला होता' अशी भानगड नको.

यांचा पट कापड कापायच्या टेबलाच्या कोपऱ्यावर मांडलेला असायचा, औषधवाल्यांचा त्यांच्या दुकानात. डाव पार तुंबला होता. मधली प्यादी एकमेकांच्या छाताडाला छाताड लावून उभी, कुणाला पुढे सरकता येईना. आता फळी फोडायची ती कुठल्या तरी कडेनेच. उजवीकडे शत्रूचा राजा बसला होता, म्हणून भिंगूला उजवी बाजू हवी होती. टेलरमास्तर म्हणे, डावीकडे आपल्याला जागा जास्त आहे. एकमत होईपर्यंत रोज एखादी इकडची तिकडची चाल पाठवून दोघं वेळ काढत होते.

"राजा उजवीकडे आणि तू डावीकडे निघालास. चोर स्वयंपाकघरात अन् तू गच्चीवर शोधतोयस!"

"आणि तू दार बंद असताना भिंतीला डोकं आपट."

भिंगूला या भांडणात मोठं सुख होतं. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. घरी भिंतीवर सहा घड्याळं आणि वाद घालायला कुणी नाही. दुकान बंद केल्यापासून झोपेपर्यंतच्या वेळात हा एक तासच काय तो भरलेला असायचा.

त्याच संध्याकाळी गणिताच्या बाई पडद्यांची शिलाई विचारायला आल्या. नुकत्याच निवृत्त झालेल्या. पडद्यांचं बोलून झालं तरी त्या हलल्या नाहीत. पटाकडे बघत म्हणाल्या, "डावीकडूनच फोडा. पण आधी हा घोडा मागे घ्या, तो स्वतःच्याच माणसांच्या वाटेत उभा आहे."

टेलरमास्तरने गळ्यातली मोजपट्टी काढून टेबलावर ठेवली. गिऱ्हाईक मोठं असल्याशिवाय तो ती काढत नसे.

"बाई, बसा ना."

आणि ज्या स्टुलावर बावीस वर्षं भिंगू बसत आला होता, ते स्टूल त्याने पुढे सरकवलं. भिंगू त्या वेळी उभा होता हे खरं, पण उभा माणूस कधीतरी बसणार असतोच की.

तेव्हापासून बाई रोज येऊ लागल्या. चार दिवसांत चार चाली बाईंच्या मताने झाल्या. भिंगू कापडाच्या गठ्ठ्यावर बसून फक्त सही करायचा. त्याने तोंड उघडलं की टेलरमास्तर म्हणायचा, "थांब रे, बाई विचार करतायत."

"मग मी काय शिवण मोजतोय?"

"तू सही कर."

कहर झाला तो पाचव्या दिवशी. बाई यायच्या आधी टेलरमास्तरने टेबलावरचे धागे झटकले आणि आरशात बघून केस सारखे केले. बावीस वर्षांत भिंगूसाठी त्याने टेबलावरची कात्रीसुद्धा बाजूला केली नव्हती. भिंगूच्या अंगाचा तिळपापड झाला. तेवढ्यात एक गिऱ्हाईक कोटाचं माप द्यायला आलं आणि टेलरमास्तर त्याला घेऊन आत गेला. पटापाशी भिंगू एकटा.

त्याने डाव्या बाजूचं, घोड्यासमोरचं आपलं प्यादं हळूच एक घर पुढे सरकवलं. हिशेब सोपा होता. प्यादं सरकल्यावर मागच्या उंटाची तिरकी वाट मोकळी झाली. बाई तो उंट काढणार. औषधवाल्यांच्या पटावर मात्र ते प्यादं जागच्या जागी, उंट कोंडलेला. चिठ्ठी वाचून दोघे भाऊ पोट धरून हसणार आणि बाईंची हुशारी पडद्यांपुरती उरणार.

बाई आल्या. बराच वेळ पटाकडे बघत राहिल्या. बोट उंटावर गेलं. बोट तिथून उठलं आणि शेजारच्या प्याद्यावर आलं.

"हे आणखी एक घर पुढे ढकला. चौथ्या घरात."

"वा!" टेलरमास्तरने लगेच चिठ्ठी लिहिली. "घोड्यासमोरचं प्यादं, चौथं घर. कर रे सही."

भिंगूने चिठ्ठी वाचली आणि मनातल्या मनात पट पुन्हा मांडला. खऱ्या डावात ते प्यादं अजून हललेलंच नव्हतं, आणि पहिल्या खेपेला प्यादं दोन घरं जाऊ शकतं. म्हणजे चाल बरोबर होती. नुसती बरोबर नाही, जे काम बाईंच्या समजुतीने दोन चालींत झालं, ते फुकटात एकाच चालीत होत होतं. विरोध करावा तर कारण सांगावं लागणार. त्याने सही केली.

दुसऱ्या दिवशी औषधवाल्या भावांनी आयुष्यात पहिल्यांदा विचार करायला एक दिवस मागून घेतला.

"घाम फुटलाय त्यांना!" टेलरमास्तर येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत होता. "बाईंची चाल!"

"बघू," बाई म्हणाल्या. त्यांनी ते पांढरं प्यादं उचललं, उजेडात धरलं, खाली ठेवलं आणि निघून गेल्या. भिंगूने पाहिलं, तर प्याद्याच्या डोक्यावर घड्याळाच्या तेलाचा काळा ठसा. अख्खा अंगठा, रेघांसकट.

तिसऱ्या दिवशी बाई रस्त्याच्या पलीकडे गेल्याच नाहीत. सरळ भिंगूच्या दुकानात शिरल्या.

"माझं येणं नको होतं, तर सांगायचं होतं," त्या म्हणाल्या. "प्यादं कशाला सरकवलंत?"

भिंगूने भिंग काढलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "मला वाटलं तुम्ही उंट काढाल."

"काढणारच होते. पण आदल्या दिवशी ते प्यादं तिथे नव्हतं. म्हटलं, कुणाला तरी उंट निघायला हवाय, तर तो नको काढायला. आणि खऱ्या डावात ते प्यादं दोन घरं जातंच."

भिंगूला हसू आवरेना. मग त्याने खरं सांगितलं. "बाई, राग तुमचा नव्हता. मास्तर माझ्याशी भांडायचा बंद झाला, त्याचा होता."

बाई म्हणाल्या, "तुमचं उजवीकडचं म्हणणं काय होतं? मास्तरांनी मला ते कधी पुरतं ऐकूच दिलं नाही."

भिंगूने कागदावर चौकटी आखल्या. स्क्रूची प्यादी केली, दातेरी चाकांचे हत्ती, आणि राजा म्हणून एका गजराच्या घड्याळाची किल्ली उभी केली. तासभर दोघं उजवी बाजू फोडत होते. बाईंना ती पटली नाही, पण त्यांनी जोरदार भांडण केलं. दुसऱ्या दिवशीही त्या तिथेच आल्या.

समोर टेलरमास्तर दारात उभा राहून बघत होता. पहिल्या दिवशी त्याने हात हलवला. दुसऱ्या दिवशी नाही हलवला. त्या दुपारी त्याने एका कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. संध्याकाळी गळ्यात मोजपट्टी तशीच ठेवून तो रस्ता ओलांडून आला आणि मनगटावरचं घड्याळ काढून भिंगूच्या पुढ्यात आदळलं.

"बंद पडलंय."

भिंगूने ते कानाला लावलं. घड्याळ ठणठणीत चालू होतं. टेलरमास्तरची नजर घड्याळाकडे नव्हतीच. ती कागदावरच्या स्क्रूंवर खिळली होती.

बाईंनी भिंगूकडे बघितलं. भिंगूने डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं, आत बराच वेळ पाहिलं आणि गंभीर चेहऱ्याने मान हलवली.

"काम मोठं आहे, मास्तर," तो म्हणाला. "आठवडाभर रोज येऊन बसावं लागेल."