दुर्गमतेला बाधा येऊ नये म्हणून

सुरगाणा तालुक्यातल्या करंजपाड्याला ओहळावर फरशी पूल हवा होता. मागणी एवढीच. पावसाळ्यात ओहळ भरला की गावातल्या राजूची प्रवासी जीप पलीकडे थांबायची, आणि बुधाच्या बायकोला, जयवंतीला, दर आठवड्याला डायलिसिससाठी नाशिक गाठावं लागायचं. बुधा तिला पाठीवर घेऊन पाण्यातून जीपपर्यंत न्यायचा.

नाशिकच्या सरकारी कार्यालयात उपेंद्रसाहेबांनी अर्ज सहानुभूतीपूर्वक वाचला आणि लोकसंख्या कमी, सबब पूल परवडत नाही, असा शेरा मारला. मात्र दुर्गम वस्त्यांसाठी विमानसेवेची योजना होती. वस्ती जितकी दुर्गम, तितकं अनुदान जास्त. पुलाला पैसे नाहीत, विमानाला आहेत. काय बोलणार, कपाळ! साहेबांनी करंजपाड्याचं नाव पहिल्या क्रमांकावर घातलं.

बुधा कार्यालयात गेला. म्हणाला, "साहेब, इमान नको. पूल द्या. जीप येती आमच्याकडं."

साहेब दचकले. "जीप येते? हे कुठे बोलू नकोस. मग गाव दुर्गम कसं राहील?"

लगेच राजूला दुर्गमतेला बाधा आणल्याबद्दल नोटीस गेली आणि जीप जप्त झाली. गावात सपाट जागा एकच, बुधाचं नागलीचं शेत. तिथे धावपट्टी झाली. उद्घाटनाचे पाहुणे विमानानेच आले, कारण कागदोपत्री रस्ता नव्हता.

आता विमान रिकामं उडालं तर अनुदान बंद. गावात तिकीट परवडणारा एकटा ग्रामसेवक, आणि तो राहतो नाशिकला. मग नाशिककरांना आवाहन करण्यात आलं. सरकारी सवलतीत धबधबा, नागलीची भाकरी, संध्याकाळी घरी. गंगापूर रोडच्या मालिनीताई तर तीनदा जाऊन आल्या. परतीचा प्रवास करंजपाड्याहून सुरू होत असल्याने प्रत्येक नाशिककराची नोंद 'दुर्गम भागातील लाभार्थी' अशी झाली. लाभार्थी गावच्या लोकसंख्येपेक्षा जास्त भरले आणि उपेंद्रसाहेबांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. निर्लज्जपणालाही शाल लागते.

जीप नाही म्हणून जयवंतीचं डायलिसिस चुकत गेलं. श्रावणातल्या एका उघडिपीला तिचे पाय सुजले, धाप लागली. गावाने वर्गणी काढली, आणि बुधा तिला धावपट्टीवर घेऊन आला. सगळ्या जागा भरलेल्या. तशी राजूची जीपही भरल्याशिवाय हलायची नाही. पण आजारी माणूस आला की दोघं-तिघं मुकाट टपावर चढायचे. विमानाला टप नसतो.

बुधाने खालूनच विचारलं, "कुणी एक जण उद्याच्या इमानानं जाल का? बायको लय आजारी हाय."

मालिनीताईंना संध्याकाळी भिशी होती. बाकीचे, तुम्हीसुद्धा, खिडकीबाहेर बघू लागले.

विमानाचं दार लागलं. बुधा आणि राजूने गोधडीची झोळी करून बांबूला बांधली आणि जयवंतीला घेऊन ओहळात उतरले, तेव्हा विमान डोक्यावरून गेलं. ती ओहळापलीकडे पोचली, नाशिकला पोचली नाही.

तुम्ही खिडकीतून काढलेला फोटो पाहिला. हिरवे डोंगर, भरलेला ओहळ, दोन माणसं आणि मध्ये लाल गोधडी. छान आलाय. लाइकही भरपूर आहेत. फक्त त्या गोधडीत काय आहे, असं खाली कुणीतरी विचारलंय, त्याला तुम्ही अजून उत्तर दिलेलं नाही.