सुमारे एतेल्विना

आईला जाऊन महिना होत आला तरी स्मशानाच्या भिंतीत तिची शवपेटी ठेवलेल्या कोनाड्याला पाटी लागली नव्हती. सिमेंट थापून बंद केलेला तो चौकोन तसाच उघडाबोडका होता, आणि त्यावर गवंड्याने बोटाने ओढलेलं आडनावही पावसाने पुसत चाललं होतं. नेलिदा दर रविवारी तिथे जाऊन रडून येई आणि घरी आल्यावर भावाशी भांडे.

भाऊ म्हणजे एर्मेनेहिल्दो बास्तारिका, घरच्यांचा एर्मे. नदीवरच्या जकात नाक्यातून निवृत्त झाल्यावर त्याने घराण्याची वंशावळ लिहायला घेतली होती. त्या कामात त्याचा एकच कडक नियम होता. तारीख पक्की असेल तर नुसती लिहायची, पक्की नसेल तर तिच्याआधी ‘सुमारे’ लिहायचं. आजोबा असोत की खापरपणजी, कुणालाही सूट नाही. आता आईलाही नाही.

“ओळखपत्रावर छत्तीस साल आहे,” नेलिदा म्हणाली. “तेच कोरायचं.”

“छत्तीस तिने लग्नाच्या वेळी सांगितलं. सरकारी नोंदीत पस्तीस आहे, तीही उशिरा केलेली. आणि चर्चमधली बाप्तिस्म्याची नोंद बत्तीसची आहे. एतेल्विना लारोसा, काही महिन्यांची मुलगी. म्हणजे सुमारे एकतीस.”

“मेल्यावर आईला पाच वर्षांनी म्हातारी करतोस? आयुष्यभर गावातल्या नवऱ्यामुलींचे झगे शिवले तिने, आणि एकीलाही वय कळू दिलं नाही. ऐकलं असतं तर उठून बसली असती!”

“म्हणूनच सुमारे म्हणतोय ना.”

“आई काय अंदाजे होती का रे?” असं म्हणून नेलिदाने ‘माते’ या कडू हिरव्या चहाचा पेला ओट्यावर आपटला आणि ती खोलीत निघून गेली.

एर्मेने मग स्वतःच पाथरवट बाल्दोमेरोला फोन लावला. पलीकडे दगड कापायचं यंत्र किंचाळत होतं. एर्मेने नाव सांगितलं, साल सांगितलं, मृत्यूची तारीख सांगितली आणि ‘सुमारे’ कुठे घालायचं तेही सांगितलं.

“काय मारे?” बाल्दोमेरो ओरडला.

“सुमारे! सु-मा-रे! आणि हे बघा, तारखा एकसारख्या हव्यात. एक अशी, एक तशी, असं नको. कळलं?”

“एकसारख्या! कळलं!”

पाटी आली ती सुरेख होती. काळा दगड, वर कोरलेला गुलाब. खाली सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं : जन्म सुमारे १९३१, मृत्यू सुमारे १४ जून.

नेलिदाने ती वाचली. “माझ्या मांडीवर गेली रे ती,” ती एवढंच म्हणाली. एर्मेला तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तो तणतणत बाल्दोमेरोकडे गेला. “तारखा एकसारख्या, असं तुम्हीच म्हणालात,” बाल्दोमेरोने हात झटकले. “मलाही जरा विचित्र वाटलं. पण दुःखातल्या माणसाशी वाद कोण घालणार?”

पाटी घरी पोचवताना बाल्दोमेरोच्या पोराने ती हातगाडीवरून अर्ध्या गावातून फिरवली होती. औषधवाल्याने एर्मेला दुकानाच्या दारातच गाठलं आणि आवाज खाली आणून विचारलं, “एर्मेसाहेब, म्हणजे अजून काही आशा आहे का?”

स्मशानाच्या कचेरीतल्या इरिगोरीबाईंनी तर पाटी लावायला साफ नकार दिला.

“मृत्यू झाला की नाही?” त्यांनी विचारलं.

“झाला.”

“मग सुमारे कसा? अंदाजे मेलेल्या माणसाला कोनाड्यात ठेवता येत नाही. आणि जन्मसालही ओळखपत्राशी जुळत नाही. छत्तीस कोरा, नाहीतर एकतीसचा जिवंत साक्षीदार आणा.”

जिवंत साक्षीदार एकच उरली होती. आईची थोरली बहीण, ओबिदिया मावशी. ती तीन गावं पलीकडे मुलीकडे राहायची, कानाने अधू होती आणि प्रवास झेपेना म्हणून बहिणीच्या अंत्यविधीलाही आली नव्हती. एर्मे आणि नेलिदा बसने तिच्याकडे निघाले. खिडकीबाहेर नदीवरचं धुकं संत्र्यांच्या बागांत शिरलं होतं, आणि गाडीत ओल्या लोकरीचा वास भरला होता.

मावशी पायांवर घोंगडी घेऊन चुलीपाशी बसली होती. एर्मेने तिच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. बाप्तिस्म्याची नोंद म्हणताच ती हसली.

“ती वेगळी एतेल्विना रे बाबा.”

“वेगळी कोण?”

“पहिली. घटसर्पाने गेली ना ती. मी पाच वर्षांची होते. बाबांनी फळांच्या खोक्याची पेटी केली, आणि ती छोटी झाली म्हणून पुन्हा केली.” मावशीने चुलीत एक काटकी सरकवली. “मग तुमची आई झाली, तर तुमच्या आजीने तेच नाव ठेवलं. दुसरं नाव तिच्या तोंडात येईचना.”

नेलिदाने खुर्ची पुढे ओढली. “मग आमची आई कधी झाली, मावशी? कोणत्या साली?”

“पीच पिकले होते एवढं आठवतंय. साल कुणी बघितलं? वाढदिवस आजी पहिलीचाच करायची. मेणबत्ती लावायची आणि रडायची. आम्हाला वाटायचं, आनंदाने.”

“आईला माहीत होतं?” एर्मेने पुन्हा तिच्या कानाशी तोंड नेलं.

“माहीत नसायला काय झालं? म्हणायची, एक दिवस असू दे तिचा. मला बाकीचं वर्ष आहे की.”

परतीच्या बसमध्ये एर्मे हातातला मफलर गुंडाळत आणि उलगडत बसला. आईच्या वाढदिवसाला त्याने आयुष्यभर केक आणला होता, आणि दरवर्षी तो कापण्याआधी ती क्षणभर गप्प व्हायची. ती इच्छा मागतेय, असं त्याला वाटायचं. गाव जवळ आलं तेव्हा तो म्हणाला, “तुझंच बरोबर. छत्तीस घालू आणि मोकळे होऊ.”

“छत्तीस खोटं आहे,” नेलिदा म्हणाली.

“अगं, पण तूच तर—”

“तेव्हा मला माहीत नव्हतं. आता आहे. खोटं कोरायचं नाही. सुमारे लिही.”

“सुमारे किती? तेहतीस? पस्तीस?”

“ते तू बघ. वंशावळ तू लिहितोस ना?”

बाल्दोमेरोच्या दुकानात ही दोघं पुन्हा अर्धा दिवस भांडली, फक्त या वेळी बाजू बदलून. शेवटी बाल्दोमेरो म्हणाला, “हे बघा, आधी तुमचं ठरवा. दगडाला खोडरबर नसतो.” नव्या पाटीवर मग फक्त नाव कोरलं गेलं. इरिगोरीबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या, तेव्हा नेलिदा त्यांच्या टेबलावर दोन्ही हात टेकून उभी राहिली. “सुमारे तुम्हाला चालत नाही, खोटं आम्हाला चालत नाही. लावताय की मी इथेच बसू?” बाईंनी शिक्का मारला.

नोव्हेंबरात, मृतांना फुलं वाहायच्या दिवशी, स्मशानात गर्दी होती. एर्मेने शिडीवर चढून पाटी पुसली आणि तिच्याखालच्या कडेवर लाल कार्नेशनच्या फुलांची एक जुडी ठेवली. मग शेजारीच दुसरी, लहान, पांढरी जुडी ठेवली. खालच्या कोनाड्यातल्या नवऱ्याला फुलं वाहणारी एक बाई मान वर करून पाटी वाचत होती. तिला साल कुठेच दिसेना.

“एतेल्विना किती वर्षांची होती हो?” तिने हळहळत विचारलं.

एर्मेने शिडीवरूनच वळून तिच्याकडे पाहिलं. माहिती चुकीची जाऊ नये ही त्याची जुनी सवय.

“कोणती?” त्याने विचारलं.

बाईने त्या एकुलत्या एका कोनाड्याकडे बघितलं, घाईघाईने छातीवर क्रूसाची खूण केली आणि आपली फुलं तशीच टाकून दुसऱ्या ओळीत निघून गेली. शिडी धरून उभ्या असलेल्या नेलिदाला हसू आवरेना. जून महिन्यापासून ती हसली नव्हती. ती इतकी हसली की शिडी हलायला लागली, आणि वर एर्मे भिंतीला दोन्ही हातांनी कवटाळून “अगं धर, नीट धर!” म्हणून ओरडत राहिला.