बहिणीस घरातून काढीन म्हणितले, त्या प्रसंगाची हकिकत

श्री. ज्याने आभाळ सर्वांस फुकट दिले आणि छप्पर मात्र ज्याचे त्याने पाहावे म्हणितले, त्या जगन्नियंत्यास नमस्कार करून वर्तमान लिहितो. शके १७११, सौम्यनाम संवत्सर, चैत्र मास. हुजुरांनी पुसिले की, भाडेमदतीचे कायद्यात घरधन्याची जबानी होते समयी भाडेकरी आप्तास कचेरीबाहेर बसवावे ऐसे कलम आहे, ते कोणत्या प्रसंगावरून पडले? त्यास, प्रसंग लिहिणाराने डोळ्यांनी पाहिला. लिहिणार तेव्हा त्या कचेरीत कारकून होता आणि त्याचे मत कोणी पुसिले नव्हते, ते येथे न पुसता देतो.

पूर्वी महाराजांचे मनात दया उपजली आणि फर्मान जाहले की, जो गरीब भाड्याचे घरी राहतो आणि ज्याची मिळकत भाड्यास पुरत नाही, त्यास निम्मे भाडे सरकारातून द्यावे. फर्मान ऐकून रयत बहुत संतोष पावली, आणि मग रयतेने आपली अक्कल चालविली. बापाने लेकास भाडेकरी केले आणि पुतण्याने चुलत्यास केले, आणि एका गृहस्थाने आपले सासऱ्यास माजघराचा भाडेकरी दाखविला, आणि चौकशीस गेलो तो सासरा त्याच माजघरात नातवास पाठीवर घेऊन घोडा घोडा करीत होता. मग दिवाणसाहेब रागास आले आणि कलम घातले की, आप्ताचे घर भाड्याने घेतले असता मदत द्यावी, परंतु दार वेगळे, चूल वेगळी, भाडे खरेच दिले जाते, आणि भाडे थकले तर घरधनी भाडेकऱ्यास परक्यासारखा बाहेर काढील, इतके शाबीत व्हावे. कलम वाईट नव्हते. लबाडास आळा पाहिजेच. परंतु कलम लिहिणाराने माणसे पाहिली नव्हती, लबाडी तेवढी पाहिली होती.

त्या समयी कासारआळीत मथुबाई म्हणून एक बाई होती. तिने चाळीस वर्षे घरोघर बायकांचे हातांत बांगड्या भरल्या. मग तिचे हातास कंप सुटला आणि बांगड्या फुटू लागल्या, आणि बांगडी फुटणे बायकांस अशुभ, म्हणून तिला कोणी बोलावीनासे जाहले. ती आपला धाकटा भाऊ भिवजी तांबट याचे मागील दोन खोल्यांत भाड्याने राहत होती. आई वारली तेव्हा भिवजी दोन वर्षांचा होता, आणि मथुबाईनेच त्यास वाढविले. मग कोणी म्हणेल, ऐशा बहिणीकडून भाडे घेतो तो भाऊ कसला? त्यास उत्तर की, भिवजीचे कानांनी चाळीस वर्षे हातोडा ऐकिला आणि कान गेले, बाजारात बाहेरगावची स्वस्त भांडी आली आणि धंदाही गेला, आणि त्या दोन खोल्यांचे भाड्यावरच त्याचे घरची चूल पेटत होती. तंबाखूचा एक व्यापारी दुप्पट भाडे देऊ करून तीनदा येऊन गेला होता. भिवजीने दोनदा नाही म्हणितले, आणि तिसऱ्यांदा विचार करून सांगतो म्हणितले. हे मथुबाईने भिंतीपलीकडून ऐकिले, आणि दुसरे दिवशी अर्जी लिहविली. गाठीचे पैसे सरत आले होते; मदत मिळाली तर भाडे थकणार नाही आणि खोली राहील, न मिळाली तर जावे लागेल, इतका सरळ हिशेब होता.

मग चौकशीनवीस रंगोपंत जातीने घर पाहावयास गेले. माणूस कोरडा, परंतु न्यायी. दार पाहिले, वेगळे. चुलीत हात घालून पाहिला, राख ऊन, म्हणजे चूलही खरी. मग पुसिले की, भाडे कैसे देता? मथुबाई बोलली, "ह्या डब्यात घालून नेऊन देते, सरकार." डबा पितळी, भिवजीने स्वहस्ते घडविलेला. पंतांनी झाकण काढिले तो आत गूळ. पुसिले, "हे काय?" तेव्हा भिवजीची बायको सुंदराबाई मोठ्या अभिमानाने पुढे होऊन बोलली, "आमच्याकडून वन्संचा डबा कधी रिकामा जात नाही. कधी गूळ, कधी तांदूळ, कधी दोन लाडू. रिकामं भांडं परत द्यावं का कुठं?" आमचे मुलखात ही रीत लहान मुलासही ठाऊक आहे, आणि पंतांचे घरीही हीच रीत असावी. परंतु पंतांनी लिहिले की, भाडे घरधन्याकडून जिनसांचे रूपाने परत केले जाते ऐसा संशय येतो. मग भिवजीची जबानी जाहली. तो बहिरा, म्हणून पंतांनी ओरडून पुसिले, "भाडे थकले तर बहिणीस घराबाहेर काढाल काय?" दारात सारी आळी जमा जाहली होती. भिवजीने आळीकडे पाहिले, छाती पुढे काढिली आणि बोलिला, "जीव गेला तरी काढणार नाही! आक्कानं मला अंगाखांद्यावर वाढवलं!" आळी शाबास शाबास म्हणो लागली, म्हाताऱ्यांनी डोळे पुसिले. पंतांनी मान हलविली आणि खाली शेरा मारिला : आप्तपणाचा व्यवहार, भाडे खरे नव्हे, अर्जी नामंजूर. भाऊ ऐसा असावा म्हणून लोक आठ दिवस बोलत होते, आणि त्याच आठ दिवसांत तंबाखूचा व्यापारी चौथ्यांदा येऊन गेला.

मग मथुबाईने फेरअर्जी केली आणि कचेरीत दोघांस बोलाविणे आले. लिहिणार समक्ष होता. उभयतांस समोरासमोर बसविले, आणि भिवजीचे हातावर बेलभंडार ठेविला, म्हणजे आता खोटे बोलणे म्हणजे देवाशी खोटे बोलणे. पंतांनी ओरडून तोच प्रश्न केला. भिवजीने दाराकडे पाहिले. पंतांनी दुसऱ्यांदा पुसिले. भिवजी बोलिला, "पंत, दुसरं काहीही विचारा. घर विचारा, दार विचारा." पंत बोलिले, "दुसरे कांही लिहिलेले नाही." तेव्हा मथुबाई उठून भावाचे जवळ गेली आणि त्याचे उजवे कानाशी तोंड नेले, कारण त्या कानाने त्यास थोडे ऐकू येत असे, आणि जे बोलली ते साऱ्या कचेरीने ऐकिले : "भिवा, खरं सांग. तो तंबाखूवाला आला होता ना? मी ऐकलंय सारं. मला राग नाही रे. तुझी पोरं काय दगड खातील? तू खरं सांगितलंस तरच मी तुझ्या दारात राहीन." आणि मागे सरून आपले जागेवर बसली, आणि कंप दिसू नये म्हणून हात पदरात घेतले. भिवजीने हातातील बेलभंडाराकडे बहुत वेळ पाहिले. बहिऱ्या माणसास आपला आवाज किती जातो ते कळत नाही. तो मोठ्याने बोलिला, "काढीन." आणि पंतांचे लिहिणे होते न होते तो पुन्हा बोलिला, "भाडं थकलं तर आक्काला काढीन. महिनाभर झाला, मनात तेच आहे." आणि शपथेचे हातानेच तोंड झाकून घेतले. मथुबाई खाली पाहत होती. तिनेच बोल म्हणितले होते आणि तिला ठाऊकही होते, तरी ठाऊक असणे निराळे आणि कानांनी ऐकणे निराळे. लिहिणारास तेव्हा फार वाईट वाटले आणि आजही वाटते. अर्जी मंजूर जाहली. पंतांनी शर्त घातली की, भाड्याचे बदल्यात घरधन्याकडून कोणताही जिन्नस जाऊ नये.

पुढील महिन्याचे प्रतिपदेस मदतीची रक्कम लिहिणारानेच मथुबाईस नेऊन दिली आणि रीतीप्रमाणे भाडे पोचते होते की नाही ते पाहावयास थांबला. मथुबाईने डब्यात भाडे घातले आणि पुढले दारी गेली. आजवर ती त्या घरात हाक न मारता जात असे. त्या दिवशी उंबऱ्याबाहेर उभी राहून बोलली, "आहे का कोणी घरात?" सुंदराबाई धावत आली, "वन्सं, हे काय? आत या." मथुबाई बोलली, "नको गं, इथूनच देते." सुंदराबाईने डबा आत नेऊन भाडे काढून घेतले आणि सवयीने हात गुळाचे मडक्यात घातला, आणि मग दारात लिहिणार उभा दिसला. तिने हात बाहेर काढून पदरास पुसिला आणि डबा तसाच दिला. मथुबाईचे हाती येताच डबा वाजो लागला. भरला असता तो डबा वाजत नसे, रिकामा असता कंप सुटलेले हातात त्याचे झाकण खडखडत असे. ती मागील दारी पोचेपर्यंत तो आवाज येत होता. भिवजी ओटीवर बसला होता, आणि त्याने दोन्ही कानांवर हात ठेविले.

हे सारे लिहिणाराने रंगोपंतांस सांगितले. तीन दिवसांनी त्यांनी दिवाणसाहेबांस लिहून हुजुरांनी पुसिलेले, जबानीसमयी आप्तास बाहेर बसविण्याचे कलम घालून घेतले. ते पुढील भावाबहिणींस उपयोगी पडले, मथुबाईस पडले नाही.

तात्पर्य, मदत सुरू जाहली, तंबाखूवाला परत आला नाही, आणि मथुबाई शेवटपर्यंत त्याच दोन खोल्यांत राहिली. तिचे पश्चात तो डबा भिवजीने मागून घेतला आणि गुळाने भरून देवापाशी ठेविला. लिहिण्यात अधिक उणे जाहले असेल तर दोष कारकुनाचा, घडले ते खरे.