समोर येऊन बोल

दादानं हातावर ठेवलेल्या दोन पिवळ्या गोळ्यांपैकी एक मी तोंडात टाकली. भिवंडीतल्या कामतघर भागात आम्ही नवीनच राहायला आलो होतो, आणि शेजाऱ्यानं पहिल्या भेटीत काही दिलं तर नको म्हणू नये, एवढे संस्कार माझ्यावर आहेत. गोळीला चव नव्हती. दाताखाली दबायची आणि पुन्हा फुगायची. शाकाहारी माणसाला शंका यावी असा प्रकार.

"मास्तर, कानात घालाची हाय ती," दादा शांतपणे म्हणाला. मग माझ्या ओठांच्या जागेकडं टक लावून पाहत म्हणाला, "आनि ती मिशी लय वाईट हाय तुमची."

हरेश पाटील, म्हणजे आमचा दादा, रॉकवाला गिटारिस्ट. पन्नाशी उलटली तरी काळा टी-शर्ट आणि खांद्यापर्यंत केस. वडपे गावातली जमीन गोदामाला गेली तेव्हा भावांनी बंगले बांधले, यानं ॲम्प्लिफायर घेतले. आगऱ्यांच्या हळदीत त्याचा बँड असायचा. नवरदेवाच्या मावश्या कोळीगीत मागायच्या आणि दादा ते असं वाजवायचा की मावश्या नाचायच्या, पण थरथरणारं हळदीचं ताट कोणीतरी धरून ठेवावं लागे. गिटार सुरात लावताना तो तिचं टोक दातांत धरी. पोरं शिट्ट्या मारत. मला वाटे, रॉकमध्ये तशी पद्धत असेल.

त्याचं एक वाक्य ठरलेलं होतं. रिक्षावाल्यानं बाजूनं भाडं सांगितलं तरी हा गर्रकन वळून म्हणायचा, "समोर येऊन बोल." भिवंडीत हे वाक्य मारामारीच्या आधी म्हणतात. त्यामुळं मीही त्याला लांबूनच नमस्कार करी.

आमच्या गल्लीत यंत्रमागांच्या, म्हणजे लूमच्या, खडखडाटात नवरा-बायकोचं भांडणसुद्धा खुणांनी चालतं. शुक्रवारी मात्र लूम बंद. त्या दिवशी दादा पिशवी घेऊन कारखान्याकारखान्यांत फिरायचा आणि कारागिरांना त्या कानातल्या गोळ्या फुकट वाटायचा. त्याचे वडील लूमवर बहिरे झाले होते. "बा शेवटी हाका मारत व्हता. आमी ओ देत व्हतो, त्याला ती ऐकू येत न्हवती," एवढंच एकदा बोलला.

कारागीर गोळ्या घेत, शुक्रिया म्हणत आणि शनिवारी खिशात ठेवत. धागा तुटला की लूमचा आवाज बदलतो. तो ऐकू आला नाही तर कापड बिघडतं आणि मजुरी कापली जाते. एकानं तर गोळीनं पाण्याच्या पाइपचं भोक बुजवलं होतं. दादानं ते पाहिलं आणि त्याला आणखी एक जोडी दिली. "ही कानाची."

त्या कारागिरांतले एक शकूरचाचा. सारं आयुष्य लूमवर गेलेलं. गावाकडे त्यांची बायको अंथरुणाला खिळली होती. तिचा फोन आला की चाचा नुसते "हां, हां" करत, कारण ऐकू काहीच येत नव्हतं. दुसरा कोणी ऐकून ओरडून सांगे, पण नवऱ्याला सांगायच्या गोष्टी ती बाई परक्याला काय सांगणार?

चाचांना कानाचं मशीन घेऊन द्यायचं म्हणून दादानं एका शुक्रवारी लूमच्या बंद शेडमध्ये गिटारचा कार्यक्रम ठेवला. शेजारच्या गल्लीत हळद होती, डीजेसकट. आमच्याकडे मोजकी माणसं आली, त्यातली निम्मी बहिरी. ती स्पीकरवर तळहात टेकून बसली. मशीनच्या पैशांसाठी डबा फिरवला, त्याचा तळसुद्धा झाकला नाही.

तेवढ्यात चाचांचा फोन थरथरला. घरून होता. "हां, हां," सुरू झालं.

दादा बघत राहिला. मग त्यानं केस मागे सारले, स्वतःच्या कानातलं मशीन काढलं आणि चाचांच्या कानात बसवलं. इतकी वर्षं ते केस काय झाकत होते, ते आम्हांला तेव्हा कळलं.

चाचांनी फोन त्या कानाशी धरला. मग हळूच म्हणाले, "रो मत. सुनाई दे रहा है."

दादानं ते मशीन परत घेतलं नाही. डॉक्टरकडे नेऊन चाचांच्या कानाला जुळवून दिलं. चाचा लूमवर ते लावत नसत, फक्त शुक्रवारी लावत आणि फोनची वाट बघत. पण फोन थोडेच दिवस येत राहिले. बाई गेली. तरी शुक्रवारी चाचा मशीन लावून, फोन मांडीवर ठेवून शेडच्या पायरीवर बसतातच.

परवा ते तसे बसलेले पाहून मी दादाकडं गेलो. "आता त्यांना काय उपयोग? तुम्ही परत घ्या ना ते."

दादानं डोळे बारीक केले. "समोर येऊन बोला, मास्तर."

मी समोरच उभा होतो.

शेवटी मी चाचांकडं बोट दाखवलं, मग कानाला हात लावला. दादाला समजलं. "न्हाय. बसू द्या त्यांना तसंच," तो म्हणाला. "मला दात हायत." आणि गिटारचं टोक दातांत धरून, तारेची थरथर दातांतून ऐकत तो खुंटी पिळू लागला.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

"उद्या उठल्याबरोबर न्हाव्याकडं जा," ती म्हणाली. "त्यांना तुमचे ओठ दिसत नाहीत."