टेपचं दुसरं टोक

मधुकरभाऊ माझ्या घरी पहिल्यांदा चहाला आले, तेव्हा बसायच्या आधी त्यांनी माझी बैठकीची खोली मोजली. खिशातून टेप काढला, एक टोक माझ्या हातात दिलं आणि "धरा सर, भितीले टेकवा" असं म्हणत मागे मागे सरकत थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर गेले. बायको चहाचा ट्रे घेऊन बाहेर येत होती. तिला त्यांनी हातानंच थांबवलं. आकडा वाचला, मान हलवली आणि म्हणाले, "शॉर्ट लेग बसते. स्लिप नाही बसत. खोली चांगली हाये, पण क्रिकेटले लहान."

ही खोली आम्ही क्रिकेटसाठी बांधलेली नाही, हे मी त्यांना सांगून पाहिलं. त्यावर ते म्हणाले, "माप बोलते सर. माणूस नाही बोलत." मग बसले आणि दोन कप चहा प्याले.

त्या दिवशी हातात आलेलं टेपचं ते टोक पुढे सहा वर्षं सुटलं नाही. मी धामणगाव बढ्यात विज्ञान शिकवायला आलो होतो. गावात मला सर म्हणायचे, पण माझी खरी ओळख 'मधुकरभाऊंचा टेप धरणारा' अशीच होती. कोणाच्या लग्नाच्या मांडवात ते दिसले की मी आधी खांबाआड व्हायचो. उपयोग शून्य. नवरा-नवरी बोहल्यावर असताना ते लांबून हाक मारत, "सर, या बरं जरा, एक टोक धरा!"

मधुकरभाऊंनी जन्मभर सरकारी मोजणीदार म्हणून लोकांची शेतं मोजली. निवृत्त झाल्यावर माणूस गप्प बसतो, नाहीतर नातवंडं सांभाळतो. यांची मुलगी लग्न होऊन लांब गेलेली, बायको देवाघरी. यांनी गावात आंतरराष्ट्रीय दर्जाचं क्रिकेट स्टेडियम काढलं. म्हणजे कागदावर. पण कागद असा की बघत राहावं! आलेखाचे चार ताव चिकटवून केलेला प्लॅन, त्यात पॅव्हेलियन, साइट स्क्रीन, खेळाडूंच्या खोल्या, पाणी वाहून जायच्या नाल्या, सगळं लाल-निळ्या शाईत. स्वतः ते कधी क्रिकेट खेळले होते का, असं मी एकदा विचारलं. "अंपायर होतो," एवढंच म्हणाले.

नागपूरकडचं मोठं स्टेडियम ते मुद्दाम बघून आले होते. सामन्याचं तिकीट काढून गेले. परत आल्यावर मी उत्साहानं विचारलं, "कोण जिंकलं भाऊ?"

"ते काही पाह्यलं नाही."

"मग दिवसभर काय केलंत?"

"नाल्या पाह्यल्या. काय ढाळ दिला सर! पाऊस थांबला की अर्ध्या घंट्यात खेळ सुरू. आपल्या इथं पाऊस थांबला की माणसाची चप्पल आठ दिवसांनी निघते." कठड्यावर वाकून नाली मोजताना तिथल्या पहारेकऱ्यानं त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं होतं. त्याचा त्यांना राग नव्हता. बाहेर काढण्यापूर्वी रुंदी मिळाली होती.

गावाबाहेर, आठवडी बाजाराच्या पलीकडे, ग्रामपंचायतीचं रिकामं मैदान आहे. त्यावर मधुकरभाऊंनी प्लॅन उतरवायला घेतला. बाजाराचे सिमेंटचे ओटे म्हणजे खेळाडूंची ड्रेसिंग रूम. सरपंचांच्या ट्रॅक्टरची ट्रॉली म्हणजे खास पाहुण्यांचा कक्ष. ती ऊस-कापूस वाहायला गेली की पाहुण्यांनी उभं राहायचं. साइट स्क्रीन म्हणून एका मंडपवाल्याची पांढरी कनात. तिच्यासमोर नेमकी कोणाची तरी म्हैस येऊन रवंथ करत उभी राहायची आणि फलंदाज हात वर करायचा. "म्हैस हटवा! स्टँडर्डमध्ये म्हैस बसत नाही!" असं ओरडत मधुकरभाऊ पांढऱ्या अंपायरच्या कोटात तिच्या मागे पळायचे. म्हशीचा मालक उलट त्यांनाच विचारायचा, "काऊन हाकलून राह्यले भाऊ? तिनं काय तिकीट नाही काढलं म्हणून?"

हे सगळं गावानं हसत हसत चालवून घेतलं. भांडण लागलं ते खेळपट्टीवरून.

आमची जुनी खेळपट्टी पूर्व-पश्चिम होती. मधुकरभाऊंनी ती उखडून उत्तर-दक्षिण केली. कारण साधं: संध्याकाळचं ऊन फलंदाजाच्या डोळ्यांत जाऊ नये. जगात सगळीकडे असंच असतं म्हणे. असेल बापा! पण मैदान पूर्व-पश्चिम लांब होतं. उत्तरेला सीमारेषा चौदा यार्ड कमी पडायला लागली. आणि त्या चौदा यार्डांच्या जागी होता शालिग्रामदादांचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, आणि त्यामागे कडब्याची गंजी.

शालिग्रामदादा म्हणजे मधुकरभाऊंचे सख्खे थोरले भाऊ. दोघं वीस वर्षांवर एकमेकांशी बोलले नव्हते.

का, ते सगळ्या गावाला पाठ होतं. वडील गेल्यावर वाटणी झाली. बाहेरचा मोजणीदार कशाला, घरचाच आहे की, म्हणून मधुकरभाऊंनी स्वतः साखळी टाकली. मैदानाला लागून असलेल्या ज्या धुऱ्यावर दादांनी बाप असल्यापासून तूर लावली होती, तो मापात दोन हात मधुकरभाऊंच्या वाटणीत निघाला. निघाला तर निघाला, गप्प बसावं ना! यांनी हद्दीचे दगड उपटून सरकवले. दादा एवढंच म्हणाले होते, "मध्या, भावानं भावाचं मोजलं का बे?" त्यानंतर शब्द नाही. पुढे मधुकरभाऊंनी त्या दोन हातांत कधी बी टाकलं नाही. तिथे गवत वाढायचं, ते दोघंही कापायचे नाहीत.

यंदा तालुक्याच्या स्पर्धेची अंतिम फेरी आमच्याकडे घ्यायचं चाललं होतं. क्रिकेट मंडळाची माणसं मैदान पाहायला येणार. सीमारेषा दोन्ही बाजूंना साठ यार्ड हवी, खेळपट्टी लेदर बॉल झेपणारी हवी. पाहणीत नापास झालो तर मैदान बैलबाजाराला द्यायचं, असं ग्रामपंचायतीनं ठरवूनच टाकलेलं. म्हणजे मधुकरभाऊंचा चार तावांचा प्लॅन गुंडाळून माळ्यावर.

मी त्यांना शंभरदा सांगितलं, "भाऊ, पट्टी होती तशी आडवी करा. जागाच जागा आहे."

"ऊन डोळ्यात जाते सर."

"टोप्या देऊ ना सगळ्यांना!"

"स्टँडर्ड," ते म्हणाले. मला संताप आला. हट्टी माणसाच्या हाताखाली काम करणं म्हणजे काय, ते त्याचा टेप धरल्याशिवाय कळत नाही.

त्यात खेळपट्टी फाटली. मधुकरभाऊंना लांबी, रुंदी, दिशा सगळं ठाऊक. माती ठाऊक नाही. आमची काळी माती उन्हानं अशी उलते की भेगेत हात जावा. सराव सामन्यात एक चेंडू टप्पा पडून सरळ जमिनीलगत सरपटला, दुसरा त्याच टप्प्यावरून यष्टिरक्षकाच्या डोक्यावरून गेला आणि तिसरा भेगेत बसला. फलंदाज वाकून बघायला लागला. गोलंदाजाचं म्हणणं, बाद द्या. मधुकरभाऊंनी भेग मोजली.

पाहणीला सहा दिवस उरले होते. शेवटी ते मला म्हणाले, "सर, तुम्ही जा. दादाले विचारा."

"तुम्ही जा की!"

"माह्यानं नाही होत."

मी गेलो. दादा शेतातल्या कडुलिंबाखाली बाजेवर बसून दोर वळत होते. मी चौदा यार्डांचं सांगितलं. ते हसले. "मोजून घे म्हणा. त्याले मोजता येते." मी उठलो. निघता निघता सहज म्हणालो, "जाऊ द्या दादा, तशीही पट्टी फाटलीच आहे. पाणी टाकलं, रोलर फिरवला, तरी उलली."

दोर वळणारे हात थांबले. "नुसतं पाणी टाकलं? कुटार नाही टाकलं?"

"नाही बहुतेक."

"गाढव," दादा म्हणाले. मला नव्हे.

संध्याकाळी मधुकरभाऊंना निरोप सांगायला मैदानावर गेलो. ते यायचे होते. मी दक्षिणेकडच्या यष्ट्यांमागे, नेहमी ते अंपायर म्हणून उभे राहतात तिथे, उगाच उभा राहिलो. कधी कोणाला ते ही बाजू देत नसत. दुसऱ्या अंपायरनं कितीही गयावया केली तरी दक्षिणेचं टोक यांचंच. मी समोर बघितलं. खेळपट्टी, पलीकडच्या यष्ट्या, धुरा, आणि बरोबर सरळ रेषेत तो कडुलिंब. खाली बाज. बाजेवर दादा, पांढरी टोपी, हातात दोर. वीस वर्षांचं भांडण. गावात दादा समोरून आले तर हा माणूस गल्ली बदलायचा. इथे मात्र कोट घालून, कोणाला काही न कळता, अख्खा दिवस भावाकडे बघत उभं राहता येत होतं. जुनी पट्टी असती तर समोर बाजाराचे ओटे दिसले असते.

सहा वर्षं मी या माणसाला चक्रम म्हणत आलो होतो. ते आले तेव्हा मी उन्हाबद्दल काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा बैलजोडी घेऊन मैदानावर हजर! मागे खळ्यावरचा दगडी रूळ, आणि पोत्यात तुरीचं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा. आमच्याकडे धान्य मळायला खळं करतात तसं त्यांनी खेळपट्टीचं करायला घेतलं. वरची माती उकरली, पाणी पाजलं, कुटार पसरलं आणि बैल फिरवायला लागले. मधुकरभाऊ हातभर अंतरावर उभे. बोलणं माझ्यामार्फत.

"सर, त्याले सांगा, चपला काढ म्हणा. ओल्या खळ्यावर चपला घालून कोणी येते काय?"

"सर, दादाले सांगा, काढल्या."

"सर, विचारा त्याले, ही लांबी किती ठेवायची?"

"सर, सांगा, बावीस यार्ड. रुंदी दहा फूट."

"सर, त्याले म्हणा, बैलाले यार्ड नाही समजत. तू पुढं चाल."

मधुकरभाऊ अनवाणी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, बैलांच्या पुढे चालायला लागले. बावीस यार्ड जायचं, बावीस यार्ड यायचं. उन्हं वर आली तरी कोणी थांबेना. मग रूळ फिरला, मग शेणाचा सडा.

पाहणीचं सांगून टाकतो. भेग एक नाही. आलेल्या साहेबांनी चावीनं खेळपट्टी टोचली, चेंडू टाकून पाहिला आणि मैदान पास केलं. शेरा मात्र लिहिला: 'खेळपट्टीस शेणाचा वास येतो.' मधुकरभाऊंनी त्याच्या तीन झेरॉक्स काढल्या.

पण मला सांगायचंय ते त्या सकाळचं. सडा टाकून झाला, दादांनी हात धुतले, बैल सोडले. आता निघणार. तेवढ्यात मधुकरभाऊ माझ्याकडे न बघता बोलले.

"दादा. माप बरोबर होतं." त्यांनी दुमडलेली पँट खाली केली. "पण मीनं मोजायले नाही पाह्यजे होतं."

दादा बैलांच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "गंजी दुपारी हटवतो. घे तुह्ये चौदा यार्ड."

मधुकरभाऊंनी सवयीनं खिशातून टेप काढला आणि टोक माझ्याकडे केलं. मी हात पुढे करणार, तोच दादांनी ते मधल्या मध्ये घेतलं. "सोडा सर. तुम्ही ढिलं धरता. लहानपणी हा खेळाची पट्टी आखायचा तेव्हा सुतळी मीच धरत होतो." आणि टोक घेऊन ते धुऱ्याकडे चालू लागले. धुरा ओलांडला, ते न कापलेलं गवत ओलांडलं, गंजीपाशी थांबले, टेप ताणला.

मी मोकळ्या हातांनी बाजूला उभा होतो. सहा वर्षांत पहिल्यांदा. खरं सांगतो, मला हेवाही वाटला आणि रडूही आलं.

"किती भरलं बे मध्या?" दादांनी तिकडून हाक मारली.

मधुकरभाऊंनी टेप डोळ्यांशी धरला. परत पुसून धरला. मग टेपकडे न बघता, भावाकडे बघत ओरडले, "पुरते दादा! लय झालं!"

आकडा त्यांनी सांगितलाच नाही.