जनूकाकांचा न घासणारा ब्रेक

जनूकाकांच्या घरी पाहुण्याला चहाआधी तांब्याची नळी मिळते. हातभर लांब, लख्ख. "धर उभी," म्हणत काका वरून सुपारीएवढं चुंबक आत सोडतात. ते धाडकन पडायला हवं. पण ते आतून निवांत उतरत येतं.

"चिकटलं का मधे?" पाहुणा विचारतो.

"तांब्याला चुंबक चिकटतं व्हय?" काका म्हणतात, आणि त्यानंतर चहाला तासभर उशीर होतो.

चौलला आमची घरं एकाच कुंपणाला लागून. काका मुंबईकडच्या एका करमणूक उद्यानात फिटर होते. तिथे माणसांना खुर्चीसकट उंच खांबावरून खाली सोडत आणि शेवटी चुंबकांवर थांबवत. लोकांना बसवण्याआधी रोज सकाळी काका स्वतः पडून बघत. निवृत्त होईपर्यंत हा माणूस साप्ताहिक सुट्टी सोडून रोज आभाळातून पडला. घरचे नारळ काढायला मात्र माणूस बोलावत. "माडाला ब्रेक न्हाय," म्हणत.

त्यांचं शास्त्र असं: चुंबकाजवळून तांबं किंवा ॲल्युमिनियम सरकलं की त्या धातूत विजेचे भोवरे उठतात. भोवऱ्यांचंही चुंबक बनतं, ते सरकणाऱ्याला मागे ओढतं. वेगाची होते उष्णता. "कमरेभर पाण्यात पळून बघ," काका मला म्हणाले. "जेवढी पळशील तेवढं पाणी अडवील. घासायचं न्हाय, चेपायचं न्हाय, नुसतं जवळ जायचं."

मी शाळेत शिकवते, तरी पळून बघितलं नाही.

काही आगगाड्यांना, घाटातल्या मोठ्या बसनाही असा ब्रेक असतो. हरिहरेश्वरला निघालेली सहलीची बस चहाला थांबली की काका तिच्याखाली वाकलेले दिसत. रेवदंड्याला व्यायामशाळा उघडली तेव्हा पहिल्याच दिवशी गेले, सायकलवर न बसता तिच्या चाकाशेजारचं चुंबक पाहिलं आणि समाधानाने परत आले.

दोन वर्षांपूर्वी काकू ओटीवरच्या झोपाळ्यावरून पडल्या. पायाने थांबवायला गेल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. त्या वेळी काका आत कुणाला तरी नळी दाखवत होते. काकूंनी दोन हाका मारल्या, त्या ऐकू आल्या नाहीत.

काकू दवाखान्यातून येण्याआधी काकांनी झोपाळा उतरवून माळ्यावर टाकला. काकू घरी आल्यावर संध्याकाळी प्लास्टिकच्या खुर्चीत बसत आणि बसल्या जागी पुढेमागे डुलत. काका ते खिडकीतून बघत राहत. पाहुण्यांना तेव्हा नुसताच चहा मिळे.

मग महिनाभर त्यांच्या पडवीत ठोकाठोक चालली. एक दिवस झोपाळा पुन्हा टांगलेला दिसला. फळीखाली ॲल्युमिनियमचा उभा पत्रा, जमिनीवर दोन्ही बाजूंना चुंबकं, आणि काकूंच्या हाताशी एक दांडी. दांडी ओढली की चुंबकं पत्र्याजवळ येतात. आधी काका स्वतः बसले, दिवसभर झोके घेत थांबून पाहिलं. मग काकूंना बसवलं.

काकूंनी उंच झोका घेतला आणि दांडी ओढली. झोका मऊपणे लहान होत गेला. पण अगदी शेवटी फळी जराशी हलतच राहिली. काकांनी पुढे होऊन ती दोन्ही हातांनी धरली. काकूंचे दोन्ही पाय जमिनीला टेकेपर्यंत धरून ठेवली.

"चुंबक कमी पडतंय का?" मी विचारलं.

"न्हाय. चुंबक वेगाला धरतं. वेग संपला की त्याला धरायला काय उरत न्हाय."

"मग फळीला एक साधी कडी लावा ना, अडकवायला."

"लावायची हाय," काका म्हणाले.

परवा मी काकूंकडे हळदीची पानं मागायला गेले होते. ओटीवर काका फळी धरून उभे होते, काकू सावकाश उतरत होत्या. काका पानं काढायला परसात गेल्यावर मी हळूच विचारलं, "कडीचं काय झालं?"

"कडी त्यांनी केव्हाची आणलीय," काकू म्हणाल्या. "मीच लपवून ठेवलीय. तू सांगू नको हां त्यांना. ते पण शोधत न्हायत."